घरातल्या दोघांच्या सह्या

२ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळे धडधाकट आहोत. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. रविवारी तुमचा फोन येतो तेव्हा हे मला चिकटूनच बसलेले असतात. ज्यांच्याविषयी बोलायचं त्यांच्यासमोर काय बोलणार? मग मी नुसतं 'हं, हं' करते आणि तुम्हाला वाटतं, वहिनीचं तोंड फुगलंय. आत्ता दुपारचे अडीच झालेत. हे आरामखुर्चीत पेंगताहेत, म्हणजे माझ्या हातात वीसेक मिनिटं आहेत.

आधी मुद्द्याचं. गावाबाहेर विसरणाऱ्या माणसांसाठी एक निवास आहे, तिथे कायमचं ठेवून घेतात. गेल्या महिन्यात मी तिथे अर्ज केला. तुम्हाला सांगितलं नाही ही चूकच. मला वाटलं होतं, दोन-तीन वर्षं काही नंबर लागत नाही. काल त्यांचं पत्र आलं, एक जागा रिकामी होतेय. ३१ मार्चपर्यंत हो की नाही ते कळवायचं. त्यासाठी घरातल्या दोघांच्या सह्या लागतात. आम्हाला मूलबाळ नाही. तेव्हा घरातले दोघे म्हणजे मी आणि तुम्ही.

तुम्ही आत्ता मान जोरजोरात हलवताय ते मला इथून दिसतंय. म्हणून आमचा दिवस कसा जातो ते ऐका. तुमचे दादा तीस वर्षं वजनमापं तपासत दुकानोदुकानी फिरले. सरकारच्या लेखी ती नोकरी संपली, त्यांच्या लेखी नाही. घरातली प्रत्येक वस्तू उलटी करून बुडाला शिक्का आहे का ते बघतात. वाटी, फुलदाणी, माझी चप्पल, चहाचा कप, आणि कपात चहा असला तरी. दिवसातून चार वेळा मी लादी पुसते. कोपऱ्यावरच्या दुकानात गेलं की त्याचा तराजू जप्त करायला निघतात. तो बिचारा 'साहेब, उद्या ऑफिसात आणून दाखवतो' म्हणतो म्हणून निभावतं. मी न्हाणीघरात गेले की दार वाजवून विचारतात, 'आत कोण आहे?' मी म्हणते, मी आहे. 'मी म्हणजे कोण?' आता याचं उत्तर दाराआडून, अंगाला साबण लावलेला असताना काय द्यायचं?

यंदा सत्तरी लागेल मला. पाठ टेकायला मिळत नाही. नाकी नऊ आलेत, दुसरं काही नाही. डॉक्टर म्हणाले, गुरुवारी दोन तास अशा माणसांसाठी एक केंद्र चालतं, तिथे जाऊन बघा. जाईन. पण सहीचं लवकर कळवा.

हे उठले.

तुमची
वहिनी

---

९ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला.

रविवारी मी दादाशी चांगली पंधरा मिनिटं बोलले. आवाज खणखणीत. शाळेच्या वाटेवर आमच्या मागे लागायचा तो कुत्रा त्याला आठवत होता. मला त्या कुत्र्याचा रंग आठवेना, तर त्यानं सांगितला. वर मलाच विचारतो, 'चिमणे, गोळ्या वेळेवर घेतेस ना?' हा माणूस विसरणारा?

वय झालंय त्याचं. थोडा घोळ घालणारच. मी पस्तीस वर्षं शाळेत काढली, शेवटची दहा मुख्याध्यापिका म्हणून. एका वर्गात पन्नास पोरं असायची आणि कुणावर कधी हात उगारला नाही. एका माणसाला सांभाळायला वेळापत्रक लागतं आणि धीर लागतो. तू पहिल्यापासून त्याला सगळं हातात आयतं दिलंस, त्याचं हे फळ आहे. हे वाचून नाक मुरडशील. खुशाल मुरड.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि दादा सोळाचा. माझ्या वेण्या त्यानं घातल्या. वाकड्या घालायचा, पण रोज घालायचा. त्याला परक्यांच्या हवाली करण्याच्या कागदावर मी सही करणार नाही. यावर पुन्हा लिहू नकोस.

गुरुवारच्या केंद्रात मात्र जा. निदान तेवढं कर.

तुझी नणंद

---

१७ फेब्रुवारी

वन्सं,

नाक मुरडलं. कळावं.

केंद्रात गेलो. माझा बेत असा होता की ह्यांना तिथे सोडायचं आणि घरी येऊन दोन तास ताणून द्यायची. दारातच कळलं की तसं काही नसतं. तिथे दोघांनी जायचं आणि दोघांनी बसायचं. चालवणारी बाई पन्नाशीची आहे, सगळे तिला ताई म्हणतात. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, तरी मीही म्हणते. ती म्हणाली, 'आम्ही एकट्याला घेत नाही. ह्यांच्याइतकंच तुमच्याकडेही बघायचं असतं आम्हाला.' मला इतका वैताग आला की तशीच परत फिरणार होते, पण बस निघून गेली होती.

फॉर्म ह्यांनीच भरला. सगळी नोकरी फॉर्म भरण्यात गेली, दुसऱ्याच्या हातात पेन राहू देतात थोडंच.

पोस्टाच्या मागचा हॉल आहे. लांब टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, आठ जोड्या. पहिला तास सगळे एकत्र. कुणी टॉवेलच्या घड्या घालतं, कुणी बटणं निवडतं. ताईनं ह्यांची चौकशी आधीच करून ठेवली असावी. ह्यांच्यापुढे एक तराजू आणि वाळूच्या पुड्या आणून ठेवल्या आणि म्हणाली, 'साहेब, तपासून द्या.' तासभर माणूस जागचा हलला नाही. एक पुडी कमी भरली तेव्हा ताईला सगळ्यांदेखत झापलं. तिनंही 'चुकलं साहेब, पुन्हा नाही होणार' म्हणून मान खाली घातली.

दुसऱ्या तासाला आम्ही सांभाळणारे शेजारच्या खोलीत बसतो. मधलं दार उघडंच असतं. तिथे एकच नियम, कुणी कुणाला 'तुम्ही असं करा' म्हणायचं नाही. वन्सं, तुमचं कठीण आहे. एक रिटायर बस ड्रायव्हर आहेत, ते आपल्या आईला घेऊन येतात. ते बोलले, बाकीचे बोलले. मी बोलले नाही. कोपऱ्यात एक बाक आहे, त्यावर उशी. ज्याला झोपायचं त्यानं झोपावं. मी तासभर झोपले.

चांगली जागा आहे. पण ते दोन तास. आठवड्याचे उरलेले एकशे सहासष्ट तास माझे एकटीचे आहेत. सहीचं पुन्हा लिहू नको म्हणालात. लिहितेय.

तुमची
वहिनी

---

२४ फेब्रुवारी

वहिनी,

आता खरं काय ते सांग.

रविवारी तू स्वयंपाकघरात होतीस तेव्हा दादा हळू आवाजात म्हणाला, 'चिमणे, हिचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं गं. गुरुवारी हिला घेऊन जातो, तिचं नाव घातलंय तिथे. कुणाकडे बोलू नकोस, वाईट वाटेल तिला.' सोमवारी केंद्राचा नंबर मिळवून फोन लावला. फोनवर कुणी नवी मुलगी होती. तिनं फॉर्म काढून वाचून दाखवला. रुग्ण म्हणून तुझं नाव. काळजी घेणारे म्हणून दादाचं, आणि खाली त्याची सही.

मग तुझी पत्रं पुन्हा काढली. चपलेला शिक्का शोधतं कोण? एकच लादी चार वेळा पुसतं कोण? पुसलेली विसरून पुन्हा पुसणारं कोण असेल? मी किती आंधळी, हसत वाचत होते! तो मुकाट्यानं तुला सांभाळतोय आणि तू त्यालाच निवासात पाठवायला निघालीस.

रागावले नाही. आजारच तो, त्यात तुझा काय दोष? तुलाही आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही. पण आधी दादाला विसावा हवा. २ मार्चला मी येते आणि पंधरा दिवस त्याला माझ्याकडे नेते. तुझ्याकडे लक्ष ठेवायला तुझ्या शेजारणीला सांगितलंय, तिच्याशी फोनवर सविस्तर बोलले. गॅसजवळ जाऊ नकोस.

तुझी नणंद

---

२७ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र वाचून मी हसले, कितीतरी महिन्यांनी. तेवढ्यात शेजारीण आली आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्यानं विचारलं, 'आज... वार... कोणता?' मग हसू गेलं. खरं सांगते, मला वार आठवला नाही.

त्या फॉर्मचं असं झालं. केंद्रात खुर्चीवर टेकल्या टेकल्या माझा डोळा लागला. जागी झाले तोवर ह्यांनी ताईच्या हातातलं पेन घेऊन फॉर्म पुरा केला होता, रुग्णापुढे माझं नाव घालून, सुबक अक्षरात. ह्यांच्या मते झोपाळलेली बाई आणली होती त्यांनी, दुसरं काय लिहिणार? ताईनं मला बाजूला घेऊन विचारलं, बदलू का? मी म्हटलं, राहू द्या. आपणच हिला घेऊन चाललोय असं वाटलं तर ते कुरकुर न करता निघतात. ती म्हणाली, 'आमच्याकडे दोन्ही नावांना खुर्ची सारखीच मिळते.'

तुम्हाला लिहिलं नाही कारण मला ते तितकंसं खोटं वाटलंच नाही. गुरुवारी हे माझा हात धरून पायऱ्या चढवतात आणि 'सावकाश' म्हणतात. दोन वर्षांत मला कुणी सावकाश म्हणालं नव्हतं.

तुमचा विश्वास बसणार नाही. वाद घालायला माझ्या अंगात त्राण नाही. न्या त्यांना. चहा अर्धाच कप द्या. चष्मा हरवला म्हणाले तर आधी फ्रिजमध्ये बघा. तुमच्या गोळ्या कुलपात ठेवा, ही मस्करी नाही. काही विचारलं की पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर द्या. आणि तुमच्याकडून होईनासं झालं तर त्यांना खुर्चीत बसवून तुम्ही शेजारच्या खोलीत जा.

तुमची
वहिनी

---

४ मार्च

वहिनी,

सुखरूप पोचलो. प्रवासात दादा शहाण्यासारखा बसला. भिंतीवर वेळापत्रक लावलंय. सकाळी फिरणं, मग पेपर, जेवण, वामकुक्षी. सगळं घड्याळाच्या काट्यावर. काल माझ्या तिघी मैत्रिणी आल्या होत्या, त्यांच्याशी इतकं अदबीनं बोलला की एकीनं मला विचारलं, 'ह्यांना काय झालंय म्हणतेस?' मी म्हटलं, काहीही नाही.

फक्त नव्या फुलदाणीतलं पाणी गादीवर सांडलं. माझंच चुकलं, ती कडेला ठेवली होती.

तू काळजी करू नकोस. जेवतेस ना?

तुझी नणंद

---

७ मार्च

वन्सं,

जेवते. पहिल्या दिवशी चौदा तास झोपले. शेजारीण दोनदा येऊन माझा श्वास चालू आहे ना ते बघून गेली.

गुरुवारी एकटीच केंद्रात गेले. एकट्याला घेत नाहीत, पण ताई नुसती बाजूला झाली. त्या खोलीत ह्या वेळी मी जागी राहिले आणि बोलले. काय बोलले ते सांगेन कधीतरी.

वहिनी

---

१० मार्च

वहिनी,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. आधीची दोन फाडली.

तुझं सगळं खरं होतं. आधी एवढं लिहून टाकते.

फोनवरची पंधरा मिनिटं वेगळी, गं. ती तो निभावतो. पाहुण्यांसमोर तासभर निभावतो. मग दार लागतं आणि मी एकटी उरते. वेळापत्रक तिसऱ्या दिवशी उलटं करून त्यानं मागे शिक्का शोधला. 'घरी कधी जायचं' हे शनिवारी मी मोजलं, चाळीसच्या पुढे मोजणं सोडून दिलं. मी कोण ते त्याला दिवसातून दोनदा कळतं. एरवी मी 'बाई' असते, शाळेतली.

काल सकाळी मी कपडे वाळत घालून आत आले. गोळ्या कुलपात नव्हत्या. तू लिहिलं होतंस, पण मला ती अतिशयोक्ती वाटली. त्यानं सगळ्या पाकिटांतून सोडवून काढल्या होत्या. रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या, त्याच्या स्वतःच्या, सगळ्या एका ताटलीत. आणि तो एकेक गोळी तळहातावर घेऊन तोलत होता. किती तोंडात गेल्या असतील, काही कळेना. मी ओरडले, 'किती खाल्ल्यास?' तो म्हणाला, 'वजन कमी भरतंय.' मी पुन्हा ओरडले. तो पुन्हा तेच म्हणाला. आणि मी त्याच्या हातावर मारलं. जोरात, वहिनी. सगळ्या गोळ्या घरभर उडाल्या.

तो उठला, भिंतीपाशी जाऊन उभा राहिला आणि त्यानं दुसरा हात पुढे केला. 'ह्याच्यावर पण मारा, बाई,' म्हणाला.

डॉक्टरांना बोलावलं. त्यानं एकही गोळी खाल्ली नव्हती. संध्याकाळी तो माझ्याकडे बघून नेहमीसारखा हसला, त्याच्या लक्षातही नव्हतं. पन्नास पोरांत कधी उगारला नव्हता तो हात मी माझ्या दादावर उगारला. आठव्या दिवशी. तू दोन वर्षं कशी काढलीस? आणि मी तुला धीर धरायला सांगत होते. मला तोंड दाखवायला जागा नाही.

तुझी नणंद

---

१३ मार्च

वन्सं,

त्या खोलीत मी काय बोलले ते आता सांगते.

११ जानेवारीला मी ह्यांच्या थोबाडीत मारली. नुकतीच लादी पुसून उठले होते, आणि त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत भरला कप उलटा केला. चष्मा उडून पलंगाखाली गेला. दहा मिनिटांत ते विसरले आणि मला विचारायला लागले, 'तुझे डोळे का लाल झालेत?' मला मात्र विसरता आलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी निवासाचा अर्ज आणला. तुम्हाला वाटलं, कंटाळून आणला. कंटाळ्याचं काय, तो मी रेटला असता. मला माझ्या हाताची भीती वाटली.

दोन महिने मूग गिळून होते. गुरुवारी बोलले. ऐकून ड्रायव्हर म्हणाले, 'मी पण', आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. कुणी समजूत घातली नाही, कुणी नाक मुरडलं नाही. ताईनं एवढंच विचारलं, 'पुन्हा हात उठतोय असं वाटलं तर त्याआधी फोन कुणाला कराल?' माझ्याकडे सांगायला नाव नव्हतं. ती म्हणाली, शोधा आणि सापडलं की सांगा.

तुमचं नाव सांगू का?

तोंड दाखवायला जागा नाही वगैरे लिहू नका. हेच तोंड घेऊन १७ तारखेला या. कागद टेबलावर ठेवलाय. सही करायची का नाही ते इथे बसून, चहा पिऊन, दोघींनी ठरवू. माझी अजून झालेली नाही. पेन हातात घेतलं की हात थांबतो.

तुमची
वहिनी

---

१५ मार्च

वहिनी,

सांग माझं नाव. सकाळी, दुपारी, केव्हाही फोन कर. दादा शेजारी बसलेला असला आणि बोलता येत नसलं तर नुसती 'हं, हं' कर. मला कळेल.

परवा पोचतो.

तुझी नणंद

---

७ एप्रिल

वन्सं,

तुम्ही गेल्याला तीन दिवस झाले. तुमची छत्री इथेच राहिली, ती असू दे, परत येण्याला निमित्त.

निवासातून रोज फोन येतो. हे जेवतात. तिथल्या स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांच्या वाट्या उलट्या करतात, आणि तिथली बाई म्हणे वाढण्याआधीच त्यांच्यापुढे ठेवते. इतकी साधी गोष्ट मला का सुचली नाही, असं मनात आलं. मग वाटलं, तिची पाळी आठ तासांत संपते, तिला सुचेल.

पहिल्या गुरुवारी ताईकडे भेटलो. हे तिकडच्या गाडीतून आले, मी बसनं. मला वाटलं होतं, आता माझा काय संबंध तिथे. ताई म्हणाली, जोडी म्हणून नाव आहे, जोडी म्हणूनच यायचं. तासभर मी ह्यांच्या शेजारी बसले. त्यांच्या शर्टाचं बटण बघायचं नव्हतं, त्यांना नेऊन आणायचं नव्हतं, फरशी ओली झाली तरी पुसायची नव्हती. माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, 'तुम्ही आमच्या घरच्यांसारख्या दिसता.' मी म्हटलं, 'असेन.' आणि आम्ही दोघांनी मिळून टॉवेलच्या घड्या घातल्या. एरवी मी त्यांच्या हातातल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या असत्या. ह्या वेळी जशा झाल्या तशा राहू दिल्या.

तुम्ही निघताना विचारलंत, रडलीस का? तेव्हा नाही म्हटलं, ते खरंच होतं. ज्या सकाळी त्यांना सोडून आले त्या सकाळीही नाही रडले. घरी आले, पडले, झोपले. मला माझीच चीड आली. पंचेचाळीस वर्षांचा संसार आणि बाईच्या डोळ्यांत टिपूस नाही.

काल संध्याकाळी गॅलरीत कपडे काढायला गेले. खालून एक माणूस चालला होता, ह्यांच्यासारखाच, हात पाठीमागे बांधून. हे नव्हते. आणि मला ह्यांची आठवण आली. वन्सं, दोन वर्षांत पहिल्यांदा. ज्या माणसाचा हात सोडायची सोय नसते त्याची आठवण कशी येणार? काल आली. ऑफिसातून येताना कोपऱ्यावरून हात करायचे, ते दिसले. मी कपडे तिथेच टाकले आणि पोटभर रडले. शेजारणीनं दार वाजवलं, उघडलं नाही.

आज बरं वाटतंय. गुरुवारची वाट बघतेय. कुणी वाट बघण्यासारखं आहे हे मी विसरूनच गेले होते.

तुमची
वहिनी